शेवाळाचें कवच

पावसाळा संपून आश्विनाचें ऊन पडूं लागलें म्हणजे आपल्या जिल्ह्यांतील कोणत्याहि गांवीं एक गोष्ट सहज दृष्टीस पडते. चार महिने ओलसर व हिरवट दिसणाऱ्या कुंपणाच्या भिंती, विहिरींचे कठडे, घरांवरील कौलें आणि जुन्या देवळांचे दगड हळूहळू काळे पडतात. पुष्कळांस वाटतें कीं, हा धूर किंवा मळ असावा. दिवाळीच्या सफाईंत आपण तो खरवडून काढतों, वर चुना देतों, आणि पुढील वर्षीं तो पुन्हां तेथेंच हजर असतो. वस्तुतः त्या काळ्या थरांत पुष्कळदां मळापेक्षां जीवच अधिक असतात. तीं अत्यंत सूक्ष्म अशीं नील-हरित शैवलें होत. शास्त्रज्ञ त्यांची गणना आतां जीवाणूंत करितात. तथापि व्यवहारांत त्यांना शैवल म्हणण्याची रूढी आहे व या लेखांत आम्हीं ती पाळली आहे.

वैशाखांत आपल्याकडील दगड हाताला चटका देतो. त्याच दगडावर हे जीव आठ महिने उघडे पडलेले असतात. त्यांना छत्री नाहीं, पागोटें नाहीं, सांवलींत पळून जाण्यास पाय नाहींत. तरी मृगाची पहिली सर आली कीं तीं पुन्हां हिरवीं होऊन वाढूं लागतात. हें त्यांना साधतें कसें? या साध्या प्रश्नाचा मागोवा घेत गेलें असतां मनुष्याच्या त्वचेच्या रक्षणाविषयीं पुष्कळ बोध होतो. शिवाय हल्लीं बाजारांत “शैवलयुक्त” आणि “नैसर्गिक अँटिऑक्सिडंट” अशीं अक्षरें मिरविणारीं मलमें विकावयास येतात. त्यांत तथ्य किती व डौल किती, हें समजून घेणें आमच्या विद्यार्थिमित्रांस उपयोगाचें होईल.

प्रथम उन्हाचा विचार करूं. सूर्यप्रकाश लोलकांतून नेला असतां त्याचे सात रंग वेगळे होतात, हें वर्गांत सर्वांनीं पाहिलें आहे. इ. स. १८०१ मध्यें योहान रिटर नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञाला असें आढळलें कीं, जांभळ्या रंगाच्याहि पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं, तेथें ठेवलेला रुप्याचा क्षार अधिक त्वरेनें काळा पडतो. अर्थात् त्या जागीं अदृश्य किरण आहेत. त्यांनाच आपण जंबुपार किंवा अतिनील किरण म्हणतों. त्यांचे ए, बी व सी असे तीन वर्ग केलेले आहेत. सी किरण सर्वांत घातक. परंतु आकाशांत उंचावर असलेला ओझोन वायूचा थर ते पूर्णपणें अडवितो. बी किरणांचाहि बराचसा भाग तेथेंच अडतो. ए किरण मात्र बहुतेक निर्वेधपणें खालीं येतात. जमिनीवर पोहोंचणाऱ्या जंबुपार किरणांपैकीं शेंकडा सुमारें ९५ हे याच वर्गाचे असतात.

या दोन किरणांचें काम निरनिराळें आहे. बी किरण त्वचेच्या वरच्या थरांतील पेशींवर प्रत्यक्ष घाव घालतात. पेशीच्या केंद्रांत डीएनए नांवाचें जें द्रव्य असतें व ज्यांत तिच्या सर्व कारभाराची जणुं सनद लिहिलेली असते, त्याचे धागे ते बिघडवितात. उन्हानें कातडी लाल होऊन हुळहुळते ती मुख्यतः यांच्यामुळें. ए किरण याहून खोल शिरतात. ते तेथील प्राणवायूला चेतवून उच्छृंखल बनवितात. प्राणवायु हा आपला जीवनदाता खरा. पण तोच लोखंडाला गंज चढवितो, तेल खवट करितो आणि चिरून ठेवलेलें वांगें काळें पाडतो. हीच क्रिया चेतलेल्या प्राणवायूकडून त्वचेच्या आंत घडूं लागली म्हणजे तिला ताठपणा देणारे तंतु तुटतात, सुरकुत्या लवकर पडतात व डाग उठतात. या क्रियेला ऑक्सिडीकरण म्हणतात; आणि तिला आळा घालणारें जें द्रव्य तें अँटिऑक्सिडंट. चिरलेल्या सफरचंदावर लिंबू पिळलें तर तें लवकर काळवंडत नाहीं. तेथें लिंबांतील क जीवनसत्त्व हें काम करितें. शब्द अवघड वाटला तरी वस्तु घरचीच आहे.

आतां शैवलांकडे वळूं. यांची अडचण मोठी विलक्षण आहे. मनुष्य उन्हापासून दूर राहूं शकतो. पण शैवलाचें अन्नच मुळीं प्रकाशाच्या साहाय्यानें तयार होतें. ऊन टाळावें तर उपास घडतो, ऊन घ्यावें तर देह करपतो. त्यांच्या पूर्वजांची स्थिति तर याहून कठीण होती. अतिप्राचीन काळीं पृथ्वीच्या वातावरणांत मुक्त प्राणवायु नव्हता, म्हणून ओझोनचें छत्रहि नव्हतें. सुमारें २४० कोटि वर्षांपूर्वीं वातावरणांत प्राणवायु सांठूं लागला, तो या नील-हरित जीवांनींच सोडलेला होता. आणि त्यापासूनच पुढें ओझोनचा थर बनला. आज आपण ज्या अदृश्य छत्राखालीं वावरतों, तें शेवाळानें उभारलेलें आहे. स्वतः मात्र त्यानें छत्र नसतांना दिवस काढले, आणि त्यासाठीं त्याला आपल्या देहांतच कवचें घडवावीं लागलीं. हीं कवचें मुख्यतः दोन जातींचीं आहेत: घातक किरणांना बाहेरच अडविणारीं, आणि आंत शिरलेल्या किरणांनीं चेतविलेल्या प्राणवायूला शांत करणारीं.

पहिल्या जातीचें उदाहरण म्हणजे भिंतीवरील तो काळा थर. या शैवलांच्या पेशींभोंवतीं बुळबुळीत असें एक वेष्टन असतें. भरपूर ऊन लागूं लागलें कीं त्या वेष्टनांत सायटोनेमिन नांवाचें पिंगट रंगाचें द्रव्य सांठतें. तें ए वर्गाचे किरण मोठ्या प्रमाणांत शोषून घेतें, पण अन्न तयार करण्यास लागणारा तांबडा प्रकाश मात्र आंत जाऊं देतें. या द्रव्याची रासायनिक रचना इ. स. १९९३ मध्यें निश्चित झाली. सायटोनेमिनाचे हे थर एकावर एक चढत गेले म्हणजे आपणांस ते काळे दिसतात. ज्याला आपण भिंतीचा मळ म्हणून खरवडतों, तो त्या जीवांचा उन्हाळी पेहराव होय.

याच जातीचें दुसरें कवच कोंकणांत सांपडतें. पावसाळ्यांत लाटा आपटणाऱ्या तेथील कातळांवर पोर्फिरा नांवाचें तांबूस-जांभळें, पातळ पापुद्र्यासारखें शैवल उगवतें. भरतीच्या वेळीं तें पाण्याखालीं असतें, ओहोटीच्या वेळीं उघडें पडून वाळतें. त्याच्या अंगीं मायकोस्पोरिन-सदृश अमिनो आम्लें असतात. त्यांना रंग नसतो. परंतु ३१० ते ३६० नॅनोमीटर लांबीचे जंबुपार किरण तीं शोषून घेतात आणि ती शक्ति निरुपद्रवी उष्णतेच्या रूपानें सोडून देतात. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग.) याच कुळांतील शैवलांपासून काढलेला अर्क हल्लीं ऊन-रोधक मलमांत घालूं लागले आहेत, आणि शैवलाच्या नांवानें विकल्या जाणाऱ्या पदार्थांत शास्त्रदृष्ट्या हा भाग बराच विश्वसनीय आहे.

दुसऱ्या जातीच्या कवचांसाठीं मात्र आपणांस आपल्याच विदर्भांत, बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारला जावें लागेल. तेथील विवर उल्कापातानें काळ्या पाषाणांत पडलेलें असून त्याचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर आहे. त्यांतील सरोवराचें पाणी खारट तर आहेच, शिवाय सोड्यासारखें तीव्र अल्कधर्मी आहे. अशा पाण्यांत स्पिरुलिना या नांवानें प्रसिद्ध असलेलें नील-हरित शैवल सुखानें वाढतें, आणि सरोवराच्या नेहमींच्या हिरव्या रंगाचें तें एक मोठें कारण आहे. त्याचे तंतु सूक्ष्मदर्शकांतून मळसूत्रासारखे पिळदार दिसतात. त्यांत फायकोसायनिन नांवाचें सुंदर निळें द्रव्य व बीटा-कॅरोटिन नांवाचें नारिंगी द्रव्य असतें. हीं दोन्ही चेतलेल्या प्राणवायूला शांत करणारीं आहेत.

इ. स. २०२० च्या जून महिन्यांत या सरोवराचें पाणी एकाएकीं गुलाबी झालें. दूरदूरचे लोक तें नवल पाहूं लागले व नाना तर्क उठले. ड्युनालिएला नांवाच्या शैवलाचा हा प्रताप असावा, असें प्रथम पुष्कळांस वाटलें, आणि तें अगदींच निराधार नव्हतें. हें शैवल मिठागरांत व खाऱ्या तळ्यांत राहतें. जातीनें हिरवें असूनहि ऊन व खारटपणा वाढला म्हणजे तें आपल्या पेशींत इतकें बीटा-कॅरोटिन सांठवितें कीं, वाळविलेल्या शैवलाच्या वजनाचा दहावा हिस्सासुद्धां त्या एका द्रव्याचा भरूं शकतो. मग तें नारिंगी-तांबडें दिसतें. परंतु लोणारचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंत तपासले असतां निराळाच उलगडा झाला. पाणी आटून खारटपणा वाढल्यामुळें हॅलोआर्किया नांवाचे, शैवलांहून भिन्न असे सूक्ष्म जीव माजले होते, आणि गुलाबी रंग त्यांचा होता. पुढें पाऊस येऊन स्थिति पालटली तशी ती छटाहि ओसरली.

या हकीगतींत आमच्या विद्यार्थिमित्रांनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. एक अशी कीं, संभवनीय दिसणारा तर्क आणि तपासून ठरलेलें सत्य हीं एक नव्हेत. दुसरी अशी कीं, शैवल काय आणि हे निराळे जीव काय, दोघांनींहि एकाच संकटावर एकाच घराण्यांतील औषध शोधिलें. हॅलोआर्कियांचा तांबडा रंग आणि ड्युनालिएलाचा नारिंगी रंग हे दोन्ही कॅरोटिन-वर्गांतील द्रव्यांचे आहेत. दगडाच्या खळग्यांत सांचलेल्या पावसाच्या पाण्यांत हिमॅटोकोकस नांवाचें एक हिरवें शैवल असतें. पाणी आटूं लागून ऊन लागलें कीं तें जाड सालीची गोळी बनतें व रक्तासारखें लाल होतें. त्याचा तो ॲस्टाझँथिन नांवाचा रंगहि याच घराण्यांतला. गाजर, तांबडा भोपळा व शेवग्याचा पाला यांमध्येंहि या घराण्याचे आप्तइष्ट आहेत.

असो. शैवलाला हीं द्रव्यें तारतात हें निर्विवाद आहे. मनुष्याच्या त्वचेला तीं कितपत तारतील? येथें विवेक करणें अवश्य आहे. कांहीं प्रयोगांत असें दिसून आलें आहे कीं, दहा आठवडे किंवा अधिक काळ बीटा-कॅरोटिन पोटांत घेतल्यास उन्हानें येणारी लाली थोडी कमी होते. परंतु हें रक्षण चांगल्या ऊन-रोधक मलमाच्या मानानें फारच अल्प आहे, आणि तें आज घेऊन उद्यां मिळणारें नव्हे. मलमांत घातलेले अँटिऑक्सिडंट साहाय्यक म्हणून ठीक. पण किरण अडविण्याचें काम तीं पुरेसें करीत नाहींत. घराला आग लागूं नये म्हणून काळजी घेणें वेगळें आणि लागलेल्या आगीवर पाण्याची घागर ओतणें वेगळें. अँटिऑक्सिडंट ही घागर आहे. म्हणून मलमाच्या डबीवर “शैवलयुक्त” हें अक्षर पाहण्याऐवजीं एसपीएफ या अक्षरांपुढील आंकडा पाहावा. तो मुख्यतः बी किरणांविरुद्धचें रक्षण दाखवितो. ३० आंकड्याचें मलम भरपूर लाविलें असतां ते किरण शेंकडा सुमारें ९७ अडतात. ए किरणांचें रक्षण निराळें लिहिलेलें असतें, तेंहि पाहावें. शिवाय घामानें मलम वाहून जातें. तें दर दोन तासांनीं पुन्हां लावावें लागतें.

“नैसर्गिक आहे, मग अपाय तो कसला?” असें पुष्कळ जण म्हणतात. याचें उत्तर फिनलंड देशांतून मिळालें. तेथें धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर एक मोठा प्रयोग झाला व त्याचा निष्कर्ष इ. स. १९९४ मध्यें प्रसिद्ध झाला. बीटा-कॅरोटिनच्या गोळ्यांनीं फुफ्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. घडलें उलटें. गोळ्या घेणाऱ्यांत तो रोग शेंकडा १८ नीं अधिक आढळला. भाजीपाल्यांतून मिळणाऱ्या कॅरोटिनला हा दोष लागत नाहीं. परंतु एकच द्रव्य वेगळें काढून मोठ्या मात्रेंत गिळणें हें अन्न खाण्यासारखें नव्हे, एवढा धडा त्यांतून घ्यावा. तसेंच, शैवल गुणकारी आहे असें ऐकून कोणीं डबक्यावरील हिरवी साय तोंडास फांसूं नये. साचलेल्या पाण्यांत मायक्रोसिस्टिस नांवाचें जें नील-हरित शैवल माजतें तें विषारी द्रव्य निर्माण करितें. त्यानें त्वचेला खाज सुटते आणि तें पाणी पिऊन गुरें दगावूं शकतात. औषधी शैवल स्वच्छ हौदांत, तपासणी करून वाढविलेलें असतें.

आतां आपल्या जिल्ह्याकडे पाहूं. यवतमाळ हें विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें २०.४ अंशांवर आहे. त्यामुळें मे महिन्याच्या २२ तारखेच्या सुमारास भर दुपारीं सूर्य अगदीं डोक्यावर येतो व उभ्या काठीची सांवली नाहींशी होते. त्या दिवसांत जंगलांत तेंदूपत्ता तोडणारीं कुटुंबें, शेतांत पऱ्हाटी उपटणारे मजूर, रस्त्यावर खडी फोडणाऱ्या बाया यांना ऊन टाळतां येत नाहीं. शैवलाप्रमाणेंच त्यांचेंहि अन्न उन्हांतूनच येतें. सुवासिक मलमाची डबी दर दोन तासांनीं लावा, हा उपदेश त्यांच्यापुढें करणें म्हणजे थट्टा होईल. त्यांच्यासाठीं खरें कवच निराळें आहे. डोकीला व कानांना लपेटलेला दाट विणीचा दुपट्टा, पूर्ण बाह्यांचा सदरा, रुंद कांठाची टोपी, आणि कामाची वेळ पहांटे व सायंकाळीं ठेवून दुपारीं सांवलींत विसांवा. जुन्या लोकांनीं हें सर्व शास्त्र न वाचतां जाणलें होतें. एक सोपी खूण लक्षांत ठेवावी: आपली सांवली आपल्या उंचीपेक्षां आंखूड असेल तेव्हां जंबुपार किरण प्रखर असतात. जे मजूर लावितात त्यांनीं ही खूण आपल्या मजुरांच्या सोयीसाठीं वापरावी. दुपारच्या सुटीची किंमत कोणत्याहि मलमाहून अधिक आहे. डोळ्यांनाहि हें ऊन बाधतें व मोतीबिंदूस तें एक कारण होतें. म्हणून टोपीचा कांठ डोळ्यांवर सांवली पाडील असा असावा. उष्माघात मात्र या किरणांनीं नव्हे, तर उष्णतेनें होतो. त्यावर मलम चालत नाहीं, पाणी व सांवली हींच चालतात.

शेवटीं एक गोष्ट आम्हांस विशेष आग्रहानें सांगावयाची आहे. शैवल उन्हांत रंगतें तें लाजेनें नव्हे. रंग हें त्याचें कवच आहे. मनुष्याच्या त्वचेंतहि मेलॅनिन नांवाचें काळें-पिंगट द्रव्य असतें. तें जंबुपार किरण शोषून घेतें आणि चेतलेल्या प्राणवायूला आवरतें. म्हणजे शैवलाचीं दोन्ही कवचें तें एकट्यानें होतें. उन्हांत आपली कातडी सांवळी होते ती या कवचाची भर होय. असें असतां आपल्यांतील कित्येक मुलें-मुली आपल्या सांवळेपणाची खंत करितात, आणि गोरें करण्याचें वचन देणाऱ्या मलमांवर आईबापांच्या घामाचा पैसा घालवितात. कवच उतरवून घेण्यासाठीं पैसे मोजावे, याहून मोठी चूक कोणती? ज्यांच्या अंगीं हें द्रव्य जन्मतःच नसतें किंवा कोडामुळें जागोजागीं नाहींसें झालेलें असतें, अशा आपल्या सोबत्यांस ऊन किती पोळतें, हें ज्यानें जाणलें तो सांवळ्या रंगाला हिणविणार नाहीं. त्या सोबत्यांना बांकावर खिडकीच्या उन्हांतली जागा न देणें, खेळाच्या तासाला त्यांच्यासाठीं झाडाखालचा खेळ योजणें, आणि त्यांच्या टोपीची कोणी थट्टा केल्यास त्यास आवरणें, हें आपल्या हातचें आहे. त्यांना चांगलें ऊन-रोधक मलम खरोखरच लागतें. डबीचा पैसा घालवावयाचा तर तो तेथें घालवावा.

विदर्भांतील शैवलांची एक नोंद एन्. डी. कामत यांनीं इ. स. १९७५ मध्यें प्रसिद्ध केली. तें काम पुढें नेण्यास आपल्या नद्या, तळीं, विहिरी व भिंती मोकळ्या आहेत. या वर्षीं दिवाळीच्या सफाईंत भिंतीवरील काळ्या थराचा चिमूटभर कीस एका कांचेच्या भांड्यांत स्वच्छ पाण्यांत घालावा, खिडकीजवळ सौम्य उजेडांत ठेवावा, आणि कांहीं दिवसांनीं शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावा. काळ्या वेष्टनांतून हिरवट तंतु डोकावतांना दिसले, तर ज्यास आपण मळ म्हणत होतों त्यानेंच आपल्या डोकीवर ओझोनचें छत्र धरिलें आहे, याची आठवण ठेवावी, आणि मग भिंत खुशाल पुसावी.